वाघ, सायरन आणि साहेबाचं ओके

"टेस्टिंग पास!" इंजिनीअर म्हणाला अन् पंचायतीच्या हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मी दाराशी उभा होतो. माझे हात खिशातच राहिले.

मी जंगलातला रोजंदारी चौकीदार. शाळा चौथीपर्यंत. तरी यंत्राचं समजलं. नाल्यावरचा कॅमेरा वाघ ओळखते, फोटो आमच्या वनखात्याच्या साहेबाच्या मोबाईलवर जाते, साहेबानं ओके दाबलं की वेशीवरचा सायरन वाजते. कॅमेरा एका कंपनीचा, मोबाईलमधलं सॉफ्टवेअर दुसरीचं, सायरन तिसरीचा. तिघांनी आपापला तुकडा तपासला अन् चहा पिला.

मी विचारलं, "तिन्ही जोडून पाह्यलं का?"

"त्याला इंटिग्रेशन टेस्टिंग म्हणतात, काका. आत्ता इथंच केलं की."

"इथी वाघ येते का? इथी साहेब खुर्चीवर, रेंज फुल. पहाटे साहेब जंगलात राह्यते."

"काका, तुम्ही पहारा सांभाळा."

"माही बायको मोहफुलं वेचाले गेली होती त्याच नाल्यावर. तिचं टोपलं तेवढं घरी आलं. आता गावच्या बाया तुमच्या सायरनच्या भरवशावर जाऊन राह्यल्या. उद्या पहाटे जोडून पाहा."

साहेब म्हणाले, "पाहू."

आता पहाटे वाघ कुठून आणायचा? कंपनीच्या बॅनरवर एक छापलेला होता. तोच छातीशी धरून मी कॅमेऱ्यासमोरून चाललो. नोकरीत पाणी भरलं, साहेबाची पोरं सांभाळली, वाघ व्हायचं तेवढं बाकी होतं.

कॅमेऱ्यानं मले बरोबर ओळखलं. इंजिनीअरच्या लॅपटॉपवर 'वाघ' आलं. मग आम्ही सायरनची वाट पाहत बसलो. समोर बाया मोहाखाली वाकून वेचत होत्या. टोपल्या भरल्या. बाया घरी गेल्या. मग सायरन वाजला.

साहेब गस्तीवरून चहाच्या टपरीवर पोचले होते. तिथं रेंज आली, तेव्हा ओके दाबलं.

"कॅमेरा ओके, सायरन ओके," इंजिनीअर डोकं खाजवत म्हणाला. "मग बिघडलं कुठं?"

"मधात," मी म्हटलं. "मधातलं कोणाच्याच कंपनीचं नाई."

साहेबाचं ओके काढलं. साहेबाला ते रुचलं नाही, पण बॅनर घेऊन चालणारा वाघ त्यांनीही मोबाईलवर पाहिला होता. आता कॅमेरा सरळ सायरनला सांगते. साहेबाला मागून कळते.

त्यात एक खोट आहे. कॅमेऱ्याला गायही वाघ वाटते. हप्त्यातून दोनदा सायरन फुकट बोंबलते, बाया अर्धं टोपलं घेऊन पळत येतात अन् चौकात उभ्या राहून मले शिव्या देतात.

देऊ द्या. शिव्या द्याले घरी तर येतात.