मोरीत गेलेला चीक

पोर रडेनाशी झाली. सकाळपर्यंत किरकिर तरी करत होती. मग तोंड उघडायची पण आवाज निघायचा नाही, आणि नंतर तोंड उघडणंही थांबलं. टाळू खोल गेली होती. पायाला चिमटा काढला तर पाय आखडून घेत नव्हती. जन्मून तिसरा दिवस. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते, लालबागला कर्फ्यू लागला होता, नाक्यावर पोलिसांच्या गाड्या उभ्या होत्या आणि अश्रुधुराचा वास बंद खिडकीतूनही आमच्या खोलीत येत होता. नवऱ्याला मोर्चातून पकडून नेलं होतं, कुठे ठेवलंय ते ठाऊक नव्हतं. हॉस्पिटल परळला, एरवी चालत जाण्याइतकं जवळ. पण त्या सकाळी चाळीतला एक जण आजारी बापाला पाठीवर घेऊन निघाला होता, त्याला पोलिसांनी फाटकातूनच परत फिरवलं. त्याआधी माझी दोन मुलं जन्मल्यावर महिन्याच्या आत गेली होती. तिसरीही जाणार हे मला कळलं. मी रडले नाही. भिंतीकडे तोंड करून पडले.

तेव्हा दारात कुमुद येऊन उभी राहिली. ती कुमुद गेल्या महिन्यात वारली.

तिच्या भाच्याचा फोन आला, आत्या दुपारी झोपेतच गेली म्हणाला. मी म्हटलं, बरं झालं. त्याला वाटलं असेल की म्हातारीला ऐकू आलं नाही. मला नीट ऐकू आलं होतं. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती अंथरुणात होती आणि दुसऱ्याने उचलून बसवायचं, पुसायचं, भरवायचं, याचा तिला मनापासून राग होता. मी शेवटची भेटायला गेले तेव्हा म्हणाली, "सुमन, हे फार लांबलंय." मीही तेच म्हटलं. आम्ही दोघींनी चहा घेतला आणि मी उठले. लांबलेलं संपलं, झोपेत संपलं, यात वाईट काय ते मला कळत नाही. तिच्या विद्यार्थ्यांनी तिच्यावर लिहिलंय, ते नातीने मला वाचून दाखवलं. त्यात तिचं संशोधन, तिचे निबंध, तिची शिस्त, सगळं आहे. ते त्यांना ठाऊक. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, मला ठाऊक आहे ते मी लिहिते.

कुमुद राहायची ठाकूरद्वारला. वडील कचेरीत कारकून. ती परळच्या एका संशोधन संस्थेत कामाला होती. कर्फ्यू लागला, ट्राम बंद झाल्या आणि ती घरी जाऊ शकली नाही, म्हणून आमच्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या तिच्या मावशीकडे आली. त्याआधी मी तिला दोनदा-तीनदा जिन्यावर पाहिलं असेल. बारीक अंगाची, लांब वेणी, आणि बोटांना कायम कसल्या ना कसल्या चिंध्या बांधलेल्या. मला वाटायचं हिला विळीवर भाजी चिरता येत नाही. नंतर कळलं की ती काचा फोडायची. जाड काच विशिष्ट कोनात फोडली की तिला जी धार येते तशी पोलादालाही येत नाही, आणि त्या धारेने ती उंदराच्या दूध बनवणाऱ्या गाठीचे काप काढायची. इतके पातळ की पाण्यावर तरंगवून मगच उचलता यायचे. मग ते काप मोठ्या यंत्राखाली घालून पेशीच्या पोटात काय आहे ते बघायचं. पगार घेऊन उंदराचं दूध बघणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

त्या दिवशी आमच्या खोलीत दोन गोष्टी चालल्या होत्या. मागच्या गल्लीतल्या गोठ्यात एक म्हैस व्यायली होती आणि कर्फ्यूमुळे गवळ्याला चीक कुठे नेता येईना, म्हणून त्याने तो चाळीत वाटून टाकला होता. सासूबाईंनी त्यात गूळ-वेलची घालून खरवस उकडायला ठेवला होता. नात मरायला टेकलेली असताना खरवस कसला, असं कुणी म्हणेल. पण घरात दुसरं काही नव्हतं, आणि बाळंतिणीच्या तोंडात काहीतरी पडायला हवं होतं. सासूबाई दुष्ट नव्हत्या. दुसरी गोष्ट म्हणजे माझ्याजवळची वाटी. बाईच्या अंगावरचा पहिला चीक म्हणजे नऊ महिने साचलेलं शिळं दूध, ते पोराला बाधतं, अशी समजूत. म्हणून तीन दिवस तो पिळून मोरीत ओतायचा आणि पोराला गुळाचं पाणी नाहीतर घुटी द्यायची. पहिल्या दोघांच्या वेळी हेच केलं होतं. त्यात माझी दोन गेलेली, त्यामुळे चाळीतल्या बायका म्हणायच्या की हिचं दूधच नासकं. मलाही ते पटलं होतं. पिवळं, चिकट, पुवासारखं दिसणारं ते पाहून मला स्वतःच्या अंगाची किळस यायची.

कुमुदने पोरीकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं आणि हे ओतू नका म्हणाली.

सासूबाई मालवणकडच्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "तुजा लगीन नाय झाला. तुका दुधातला काय कळता?"

"उंदराच्या दुधातलं कळतं. रोज तेच बघते."

"माजी सून उंदीर नाय."

"नाही ना. मग उंदराच्या पिल्लाला मिळतं तेवढं तरी तुमच्या नातीला मिळू दे."

एवढ्या काळजीतही मावशींना दारामागे हसू फुटलं. सासूबाईंना नाही. त्यांनी वाटी उचलली आणि मोरीकडे निघाल्या. कुमुदने त्यांना अडवलं नाही. चुलीवरच्या डब्यात काय शिजतंय, एवढंच विचारलं. खरवस, असं उत्तर आलं. कशाचा? आता सासूबाई चिडल्या. कशाचो म्हणजे, चिकाचो. मग कुमुदने विचारलं, "आजी, गावी तुमची गाय व्यायली की चीक आधी कुणाला?"

"वासराक."

"आणि वासराला नाही मिळाला तर?"

सासूबाई मोरीच्या कडेला वाटी धरून उभ्या राहिल्या… डब्याचं झाकण वाफेने थडथडत होतं. गावी त्यांच्या घरी गुरं होती. चीक न मिळालेलं वासरू कसं जातं ते त्यांनी कुमुदपेक्षा जास्त वेळा पाहिलं असणार. त्या मोरीपासून मागे फिरल्या. वाटी माझ्या उशाशी ठेवली, फळीवरून पोराला पाजायचं बोंडलं काढलं, खरवसाखालच्या उकळत्या पाण्याने ते धुतलं आणि वाटीशेजारी ठेवलं. "काय करूचा ता कर," एवढंच म्हणाल्या आणि पाठ फिरवून चुलीकडे बसल्या.

पोरीला ओढायची ताकद नव्हती. कुमुदने बोंडल्याच्या टोकाने एक थेंब तिच्या ओठाच्या आत सोडला. तो तसाच राहिला. दुसरा ओघळून गालावर आला. मग कितीतरी वेळाने गळा हलला. मग पुन्हा थांबायचं. घाई केली तर ठसका लागेल म्हणाली. अशी दुपार गेली. मधे मधे खाली धावपळ व्हायची, शिट्ट्या वाजायच्या, आम्ही कान देऊन बसायचो आणि पुन्हा एक थेंब. मला झोप लागू नये म्हणून कुमुद बोलत होती. हे पिवळं म्हणजे पू का, मी विचारलं. नाही म्हणाली. शिळं का? तेही नाही, हे आत्ता बनतंय. तुझ्या अंगात द्राक्षाच्या घडासारखे बारीक फुगे आहेत, आणि त्या फुग्यांना आतून पेशींचं अस्तर आहे. एकेका पेशीच्या पोटात पातळ पापुद्र्यांच्या घड्या असतात, नऊवारीच्या निऱ्या चापून बसवाव्या तशा. त्या घड्यांवर बारीक दाणे असतात, अनारशावर खसखस असते तसे. दाण्यांवर प्रथिन बनतं आणि घडीच्या आत सरकतं. तिथून ते दुसऱ्या पापुद्र्यांत जातं, तिथे गोळा होतं, मग त्या पापुद्र्यांच्या कडेला फुगीर थेंब धरतो, सुटतो आणि पेशीच्या काठाशी येतो.

मी विचारलं, काठाला दार असतं का? दार नाही. मग बाहेर कसं पडतं, पेशी फाटते का? त्यावर ती उठली, मावशींकडची आमटीची वाटी घेऊन आली आणि मला तेलाचा तवंग दाखवला. बोटाने तेलाचा एक गोल डोळा दुसऱ्याकडे सरकवला. दोन्ही टेकले आणि एक झाले, मधे काही फुटलं नाही. तसं, म्हणाली. थेंबाचा पापुद्रा पेशीच्या पापुद्र्याला मिळतो, आतलं बाहेर पडतं आणि पेशी शाबूत राहते. "काहीही साचत नाही, सुमन. नासायला वेळच मिळत नाही त्याला." तोवर ती मला वहिनी म्हणत होती, तिथून नावाने बोलावू लागली.

उन्हं उतरायला लागली तेव्हा पोरीने दुपटं ओलं केलं. आदल्या दिवसापासून कोरडं होतं. सासूबाईंनी ते ओलं दुपटं दोन्ही हातांत धरलं आणि नाकाशी नेलं. थोड्या वेळाने पोर रडली, फारच बारीक, मांजराच्या पिल्लासारखी. खिडकी बंद असूनही शेजारच्या खोल्यांपर्यंत तो आवाज गेला असावा, कारण बायका दाराशी जमल्या. दिवे लागायच्या सुमाराला मी तिला अंगावर घेतलं आणि तिने ओढलं. मग सासूबाईंनी खरवसाच्या वड्या पाडल्या. कुमुदने तीन खाल्ल्या, सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं की पहिली दोन त्यामुळेच गेली का. मला वाटलं ती काहीतरी गोड सांगेल. तिने सरळ सांगितलं. "ते मला माहीत नाही. कुणालाच सांगता येणार नाही. पण तुझं दूध नासकं नव्हतं, हे मी सांगू शकते." मला तेवढं पुरलं. दूध नासकं म्हणून ज्यांनी मला खात्रीने सांगितलं होतं त्यांच्यापेक्षा ही बरी, असं वाटलं. निघताना तिने आणखी एक गोष्ट सांगितली. सासूबाईंनी तीन दिवस पिळून काढलं म्हणूनच दूध आटलं नाही, तेव्हा त्यांच्यावर राग धरू नकोस. मी धरला होता. पुढे तो आपोआप सुटला, कारण नंतर चाळीत कुणी बाळंत झाली की सासूबाई स्वतः जाऊन बसायच्या आणि चीक पाजल्याशिवाय उठायच्या नाहीत. हे सगळं आपल्याला गावापासून ठाऊक आहे असंच सांगायच्या, कुमुदचं नाव कधी काढलं नाही. मी तिला हे सांगितलं तर म्हणाली, "करू दे की. काम होतंय ना?"

मैत्री टिकली ती तिच्यामुळे. ती महिन्या-दोन महिन्यांनी यायची, पोरीचं वजन करायची, पुढे वजन करायचं कारण राहिलं नाही तरी यायची. एकदा वर्तमानपत्रात गुंडाळून एक फोटो आणला, काळापांढरा, उंदराच्या पेशीच्या आतला. ज्या पापुद्र्यांत प्रथिन गोळा होतं म्हणाली होती ते दाखवले. मी म्हटलं, ही तर आंबोळ्यांची चवड. खरंच तशी होती, एकावर एक, किंचित वाकलेल्या, कडा फुगलेल्या. ती हसली आणि मग आम्ही दोघी त्याला आंबोळ्याच म्हणायचो. तिथे प्रथिनाला साखर चिकटवतात हे तिने मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं. मी म्हटलं, आंबोळीत साखर आम्ही घालत नाही. आमच्यात हे असं चालायचं. मला सगळं समजायचं असं नाही, आणि ती समजलं का असं विचारायची नाही.

मंगल, म्हणजे ती पोर, कॉलेजात जायला लागली होती तेव्हाची गोष्ट. भर उन्हात कुमुद दोन जिने चढून आली, पाणीसुद्धा न घेता म्हणाली, "मी तुला त्या दिवशी चुकीचं सांगितलं." मला वाटलं पोरीचं काही आहे. ते तसलं काही नव्हतं. चिकातली रोगाशी लढणारी प्रथिनं दुधाच्या पेशी स्वतः बनवतात, असं ती मला बोलली होती. मला आठवतही नव्हतं. आता नवीन कळलं होतं की ती शेजारच्या पेशी बनवतात. दुधाची पेशी त्यांना पाठीमागून आत घेते, पापुद्र्याच्या पिशवीत घालते, स्वतःच्या अंगातून पलीकडे नेते आणि दुधात सोडते. म्हणजे बनवणारी एक आणि पोचवणारी दुसरी, मी म्हटलं. हो म्हणाली, आणि पोचवणारी स्वतःचा एक तुकडा तोडून बरोबर देते, पोराच्या पोटात त्या प्रथिनाचा टिकाव लागावा म्हणून. हे सांगून झाल्यावर ती पाणी प्यायली. मी विचारलं, एवढ्यासाठी आलीस? तिला माझा प्रश्नच कळला नाही. चूक सांगितली होती, दुरुस्त करायला नको का, असा तिचा चेहरा.

नवरा सुटून आला आणि मंगलनंतर मला दोन मुलगे झाले. दोघांनाही जन्मल्या जन्मल्या चीक दिला, सासूबाईंनीच. माझं दूध नासकं, हे त्यानंतर चाळीत कुणी बोललं नाही. मीही ते मनातून काढून टाकलं होतं, त्या कर्फ्यूतच, दुपटं ओलं झालं तेव्हा. इतकी वर्षं मला कुणी विचारलं की कुमुदने तुझ्यासाठी काय केलं, तर मी सांगायची की पोर वाचवली. ते खरंच आहे. पण पोर तर औषधानेही वाचली असती, एखादा डॉक्टर भेटला असता तर. माझ्या अंगाची मला वाटणारी किळस काढायला दुसरं कोण आलं असतं ते मला सांगता येत नाही.

ती गेल्याचं कळलं त्या दिवशी मंगल मला ठाकूरद्वारला घेऊन गेली. भाच्याने ओळख करून दिली, या आत्याच्या मैत्रीण, या त्यांच्या कन्या. लोक तिच्या संशोधनाच्या गोष्टी बोलत होते. आम्ही बसलो, निघालो.

त्या दिवशी त्या खोलीत आम्ही चौघी होतो. सासूबाई म्हातारपणाने गेल्या. आता कुमुद गेली. मी आहे, आणि मंगल आहे.