सुमित्राच्या बॅगेतलं कोनफळ

ही गोष्ट मी आईला सांगितलेली नाही, धाकट्या बहिणीला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवी होती तिला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि खरं सांगू? गोष्ट तशी हसण्यासारखी आहे. निदान अर्धी तरी. आमच्याकडे ती इतक्या वेळा सांगून झाली आहे, की लग्नाच्या मांडवात पंगती उठल्या की कुणीतरी म्हणतंच, "सुमित्रे, ते जपानचं सांग की!" मग सुमित्रा सांगते, लोक पोट धरून हसतात, मीही हसते. फक्त तिच्या गोष्टीत एक चूक आहे — आणि ती चूक आहे हे ठाऊक असलेली जगात मी एकटीच आहे.

सुमित्रा गुंदची, मी अणशीकडची. कर्नाटकातल्या जोयडा तालुक्याच्या नकाशात दोन्ही गावं हिरव्या रंगात बुडालेली आहेत. दोघींच्या घरी भाताच्या चार चिंचोळ्या पट्ट्या, भोवती जंगल, आणि परसात झाडांवर चढवलेले कोनफळांचे वेल. धारवाडच्या शेतकी कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. तिसऱ्या वर्षी बारा मुलांची अभ्यासदौऱ्यासाठी निवड झाली. दोन आठवडे जपान! तिथल्या डोंगरातल्या खेड्यांची शेती बघायची, शेतकऱ्यांच्याच घरी राहायचं. यादीत सुमित्रा पहिली होती. मी बारावी. आता बाराव्या नंबरची खुर्चीही विमानात तितकीच पुढे जाते, त्यामुळे मला काही वाईट वाटलं नाही — असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होते.

सुमित्राला तो नंबर फुकट मिळाला नव्हता. सुट्टीत आम्ही बाकीच्या झोपा काढत होतो तेव्हा ही बया गावोगाव फिरून कंदांची माहिती गोळा करत होती. कुठल्या घरी कुठली जात, पान कसं, खड्डा किती खोल, उकडल्यावर चव कशी — सगळं वहीत, चित्रांसकट. दौऱ्याच्या शेवटी यजमानांसमोर आमच्यापैकी एकानं बोलायचं होतं, आणि दौऱ्यावर नेणाऱ्या सरांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं होतं की सुमित्रा बोलेल. तिनं ते भाषण इतक्या वेळा म्हणून दाखवलं, की शेवटी शेवटी झोपेत मीच बडबडायला लागले.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कुणाच्या घरी मुक्कामाला जायचं तर आम्ही कोनफळाचं डोकं घेऊन जातो. म्हणजे कंदाचा वरचा भाग, जिथून कोंब फुटतो तो. कापलेल्या तोंडाला चुलीतली राख फासायची आणि सागाच्या पानात बांधून द्यायचं. यजमान ते खात नाहीत, परसात लावतात. आमच्या परसातल्या निम्म्या वेलांना पाहुण्यांची नावं आहेत — हा कॅसलरॉकचा मामा, ही रामनगरची आत्या. पोरं लाजतात, नको म्हणतात, म्हणून आया विचारतच नाहीत. बॅगेच्या तळाशी, कपड्यांखाली गुपचूप सारून देतात. जपानचं झालं म्हणून काय झालं? राहायचं शेवटी कुणाच्या तरी घरीच ना?

सरांनी मात्र बजावून ठेवलं होतं. बी नाही, रोप नाही, माती नाही, कंद नाही. ज्याच्या बॅगेत सापडेल त्याला परत पाठवीन.

आता सुमित्रा सांगते तसं सांगते. जपानचं विमानतळ. आम्ही बाराजणं नवे बूट-चपला कचकच वाजवत बॅगांची वाट बघत उभे. इतक्यात एक लंबकान्या कुत्रा आला. अंगात हिरवं जाकीट, चेहरा अगदी सरकारी. सगळ्या बॅगा हुंगत हुंगत सुमित्राच्या बॅगेपाशी आला आणि मांडी ठोकून बसला. सुमित्राला वाटलं, आवडली आपण त्याला! तिनं पर्समधून बिस्किट काढलं. कुत्र्यानं बिस्किटाकडे बघितलंसुद्धा नाही. मग एक बाई आली, कमरेत वाकून नमस्कार केला, बॅग उघडायला लावली, आणि सागाच्या पानातून राख फासलेलं, केसाळ, दोन मुठींएवढं डोकं बाहेर आलं. ती बाई दचकून मागे सरकली आणि मग पुन्हा वाकली. वाकून वाकून नमस्कार करत जप्ती करणारं सरकार आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. दोन तास सुमित्रा एका काचेच्या खोलीत बसून फॉर्म भरत होती आणि कोनफळाचं चित्र काढून दाखवत होती. "आणि हे सगळं कुणामुळं?" असं म्हणून ती थांबते, कपाळावर हात मारते. "माझ्या आईमुळं!" इथं मांडव हसतो.

तिच्या आईनं ते घातलंच नव्हतं. मी घातलं होतं.

हं. लिहिलं एकदाचं.

झालं ते असं. निघायच्या दिवशी सकाळी सर होस्टेलच्या हॉलमध्ये एकेक बॅग तपासत होते. तपासलेल्या बॅगेला लाल फीत बांधायची, की ती पास. सुमित्राची पहिलीच, फीत बांधून झालेली. ती पाण्याच्या बाटल्या भरायला गेली होती. माझा नंबर यायला दोन बॅगा उरल्या होत्या. मी सहज हात घातला तर स्वेटरखाली सागाचं पान लागलं. माझी आई! आता करायचं काय? टाकून द्यायचं ना, असं तुम्ही म्हणाल. लावायचं डोकं आम्ही टाकत नाही, हे एक. आणि सरांच्या डोळ्यांदेखत टाकणार कुठं, हे दुसरं. मी सुमित्राच्या बॅगेची बाजूची चेन उघडली, पुडकं आत सारलं, चेन लावली. बंगळूरला पोचल्यावर काढून घेऊ, असं मनात होतं. पण बंगळूरच्या विमानतळावर मी सरकत्या जिन्यावरून चारदा वर-खाली केलं, तोवर बॅगा पट्ट्यावरून निघूनही गेल्या होत्या. मी विसरले. खरंच विसरले होते.

पण विसरणं हा माझा खरा दोष नाही. तेवढंच असतं तर मी स्वतःच मांडवात उभी राहून सांगितलं असतं आणि तिच्यापेक्षा जास्त हशा मिळवला असता. खरं पुढेच आहे.

सुमित्रा काचेच्या खोलीत होती. सरांनी आम्हा अकराजणांना एका रांगेत उभं केलं. सर धारवाडचे, रागावले की कानडीतच बोलायचे. "इदु यारदु?" — हे कुणाचं? मग शांतपणे म्हणाले, कुणाला काही माहीत असेल तर आत्ताच सांगा, मी काही करणार नाही. काही करणार नाही — असं म्हणाले ते! आणि मी काय केलं? मी खाली वाकून बुटाची लेस बांधायला लागले. माझ्या पायात चपला होत्या. शेजारच्या मुलानं बघितलं असेल का? ठाऊक नाही. सर पुढे गेले, तेव्हा मी उठून उभी राहिले. मनात पहिला विचार आला तो — सुटले. हा विचार मला नीट आठवतो. सुमित्राचा विचार त्याच्या नंतर आला.

काचेच्या खोलीतून ती बाहेर आली ती डोळे लाल करून. "मी न्हाई घातलं," एवढंच सरांना म्हणत होती. मग मध्येच थांबली. चेहरा बदलला. "आईनं!" सरांनी बाजूचा कप्पा बघितला नसेल, असं धरून तिला ते पटलंच. का नाही पटणार? आमच्याकडे कुठली आई घालत नाही? मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, जाऊ दे गं. हो, मीच म्हटलं.

सरांनी तिला परत पाठवलं नाही. पण शेवटच्या दिवशीचं भाषण तिच्याकडून काढून घेतलं. आणि दिलं कुणाला? जिला ते पाठ होतं तिला. मी नको म्हणाले का? एकदा म्हणाले, फार हळू. सुमित्रानंच मला वही दिली, उच्चार सुधारून दिले, साडीच्या निऱ्यासुद्धा तिनंच लावल्या. मी बोलले. टाळ्या पडल्या. आम्ही ज्यांच्याकडे राहत होतो ते सत्तरीचे शेतकरी काका तर उठून उभे राहिले. ते स्वतः कोनफळांचेच भाऊबंद लावायचे, जमिनीत तिरकी नळी पुरून, म्हणजे कंद सरळ लांब वाढतो. त्या रात्रीच्या जेवणात त्यांनी आमच्यासाठी तोच कंद किसून, बुळबुळीत करून भातावर ओतला. सुमित्रानं भुरके मारत तीन वाट्या संपवल्या आणि काकांकडून नळीची मापंही लिहून घेतली. ती अशीच आहे. रडून झालं की तिला भूक लागते. बाकीचे दिवस आम्ही खूप मजा केली हेही खोटं नाही — गरम पाण्याच्या कुंडात आरडाओरडा केला, संडासाची भलती बटणं दाबून भिजलो, आणि कुत्रा दिसला की सगळे सुमित्राला मागे लपवायचे.

फक्त एक दिवस आठवला की मला अजून जेवण जात नाही. जपानला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सुमित्रानं घरी फोन लावला. त्यांच्याकडे घरात रेंज येत नाही. लेकीचा जपानमधून फोन येणार म्हणून तिची आई दुपारच्या उन्हात टेकडी चढून वर जाऊन बसली होती. "पोचलीस व्हय गं बाय?" एवढंच ती बोलली असेल, तोवर सुमित्रानं तोंड सोडलं. तुझ्यामुळं माझं भाषण गेलं, चारचौघांत चोरासारखी बसले, तुला कितीदा सांगितलं होतं! मी शेजारीच, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. फोन स्पीकरवर होता. पलीकडून टेकडीवरचा वारा ऐकू येत होता. मग तिची आई — मी तिला मावशी म्हणते — म्हणाली, "घातलं असंल गं. मला आठवत न्हाई. पन माझ्याच हातून झालं असंल."

न केलेली चूक त्या बाईनं कबूल केली. मी केलेलीसुद्धा कबूल केली नाही.

परत आल्यावर माझ्या आईनं विचारलं, दिलंस काय गं त्यांना? मी म्हटलं, दिलं, त्यांनी लावलंसुद्धा. ती अजून अधूनमधून विचारते, जपानात वेल कुठवर गेला. मीही सांगते, छपरापर्यंत गेलाय. तिला इतका अभिमान, की एका लग्नात ती सुमित्राच्या आईला म्हणाली, "माझ्या पोरीनं बरोब्बर नेलं बघा, कुनाला कळलंबी न्हाई." मावशीनं मान हलवली. मी तेव्हा मठ्ठा वाढत होते.

तीन वर्षं झाली या सगळ्याला. सुमित्रा आता बेळगावात शिकवते, मीही तिथंच एका रोपवाटिकेत कामाला आहे. गेल्या महिन्यात सुट्टी संपवून आम्ही दोघी गुंदहून एकाच बसनं निघालो. थांब्यावर नेहमीची झुंबड. प्रत्येक आई पोराच्या पिशवीत काहीतरी कोंबत होती, पोरं ओरडत होती. मावशी बाजूला उभी होती. सुमित्राची बॅग तिच्या पायाशीच होती, पण तिनं बोटसुद्धा लावलं नाही. सुमित्रा बसमध्ये जागा धरायला चढली, तशी मावशी माझ्याजवळ आली. पदराखालून एक पुडा काढला. फणसाचे पापड.

"पोरीसाठीच लाटले व्हते," ती म्हणाली. "पन तिच्या बॅगेत घालायचं माझं धाडस न्हाई. तू घे. तुला बरोबर न्ह्यायचं कळतं."

मला बोलता आलं असतं. बस सुटायला अवकाश होता. सुमित्रा खिडकीतून हात हलवत होती, दहा पावलांवर.

मी पुडा घेतला, माझ्या बॅगेत खाली घातला आणि बसमध्ये चढले. सुमित्राला दाखवला असता तर आईनं तुला का दिला, मला का नाही, असं तिनं विचारलं असतं. म्हणून दाखवला नाही. पंधरा दिवस रोज दोन-दोन तळून मी ते एकटीनं खाल्ले. पातळ होते, कुरकुरीत, तिखट बेताचं, सुमित्राला चालतं तेवढंच.