पाठीवरचं दव

थंडीत तट्टाला गोधडी पांघरवणाऱ्या माणसांना जनावर कळत नाही आणि थंडीही कळत नाही. माझी शाळा चौथीत सुटली, पण एवढं मला कळतं. तेही बायकोने शिकवलं.

विंचूरजवळ आमचं रान. मेथी-कोथिंबीर करायचो. नव्वद सालानंतर गावात जीपा झाल्या, पण आमच्या बांधावरून जीप जात नव्हती. जुड्यांची गाठोडी रस्त्यापर्यंत तट्टावरच यायची. तट्टू बायकोचं. बुटकं, मातकट, पोट सुटलेलं. लोक हसायचे. ती म्हणायची, हसू द्या, तेवढाच त्यांना उद्योग.

ते बारा महिने बाभळीखाली उघड्यावर. आमच्याकडे थंडी अशी, की द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या करतात. तरी त्याला छप्पर नाही. दिवाळी झाली की ती खरारा बंद करायची. केसांतली धूळ, तेल तसंच ठेवायची, मनसोक्त लोळू द्यायची आणि कडब्याची पेंढी वाढवायची. "त्याचं घर त्याच्या पाठीवर उगवतं," म्हणायची. सकाळी पाठीवर दव गोठून पांढरं दिसलं की खूश. दव विरघळलं नाही, म्हणजे ऊब आतच राहिली. मग केसांत बोटं खुपसून बघायची आणि तीच बोटं माझ्या गालाला लावायची.

एका हिवाळ्याच्या तोंडावर ती गेली. तीन महिने अंथरुणात होती. तिचा धाकटा भाऊ नाशकात, दीड तासावर. एकदाही फिरकला नाही. दहाव्याला मात्र आला, कानाला मफलर गुंडाळून, सगळ्यांपेक्षा मोठ्याने रडत.

पिंडाला कावळा शिवेना. तिचं काय राहिलं, म्हणून लोक एकमेकांकडे बघायला लागले. या शहाण्याने बाभळीकडे बोट केलं. म्हणाला, "दाजी, आक्काचा जीव त्या मुक्या जनावरात अडकलाय. उघड्यावर बांधलंय तुम्ही." आणि हात जोडून पिंडाला सांगितलं, आक्का, तुझ्या तट्टाला मी छप्पर करतो. तेवढ्यात कावळा शिवला. कावळ्याला भूक लागली होती, दुसरं काय? पण लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द, तो मोडायचा कसा?

दुसऱ्याच दिवशी त्याने पत्रे आणले. तीन बाजूंनी गोणपाटं ठोकली. तट्टाला साबणाने आंघोळ घातली, अंग चकाचक केलं, वर नवी घोंगडी बांधली. दोन माणसांना बोलावून दाखवलं आणि गेला.

आठ दिवसांत तट्टू खोकायला लागलं. त्याच्या श्वासाची वाफ पत्र्याला धरायची आणि पाणी होऊन त्याच्याच पाठीवर ठिबकायची. घोंगडी ओली, केस चापट बसलेले. कडब्याला तोंड लावेना. मी रोज बघायचो आणि कावळा आठवून गप्प बसायचो. भाऊ मूर्ख होता, त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मग मी कोण?

शेवटी एका दुपारी तिच्या खुरप्याने गोणपाटं टराटरा फाडली. तट्टाला उन्हात काढलं, वाळल्या पेंढ्याने घासून कोरडं केलं, बाभळीखाली धुळीत सोडलं. खाली बसून मोठ्याने म्हणालो, "तुझ्या भावाने दिलेला शब्द मी मोडला. रागवायचं तर त्याच्यावर रागव."

लोळायला तट्टाने दोन दिवस घेतले, खायला चार. खोकला जायला पंधरा.

दुसऱ्या महिन्याच्या विधीला भाऊ सकाळीच हजर. तट्टू बाभळीखाली, पाठ पांढरीफटक. हा ओरडलाच, "दाजी, गोठलंय ते! मारताय तुम्ही आक्काच्या जनावराला." मी त्याचा हात धरला आणि माझ्या हातासकट आयाळीखाली केसांत खुपसला. आत भट्टी होती.

मग त्याने हात बाहेर काढला, नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं. वास मारतोय म्हणाला, साबण द्या.

साबण दिला. मोरीत बसून तीनदा हात धुतला त्याने. तोच वास बारा महिने तिच्या हाताला असायचा. सख्खा भाऊ, पण त्याला ओळखू आला नाही.

मी त्या दिवशी विधीला बसलो तो हात न धुता.