दुकानात बोलणारे दाजी

दाजींची नि माझी शेवटची भेट झाली, तेव्हा ते माझ्याशी मराठीत एक शब्दही बोलले नाहीत. मिरजेच्या घरी खाटेवरून त्यांनी माझा हात धरला, कानडीत काहीतरी विचारलं आणि मी नुसताच हसलो. ते गेले त्याला महिना उलटला, तरी अजून राग येतो... त्यांच्यापेक्षा त्या शपथेचा जास्त.

माझी अक्का रहिमतपूरची. आम्ही लिंगायत, पण घरात मराठी. दाजींचं घर कानडी, पण अक्काशी ते मराठीतच बोलत. पेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं. मिरज संस्थानातल्या कानडी गावांना आपला, कानडीतून चालणारा कारभार हवा, म्हणून तिथल्या मंडळींनी पक्ष काढला आणि दाजी त्यात पुढे झाले. मागणी रास्तच होती. साधा अर्ज करायचा तरी कानडी शेतकऱ्याला मराठी जाणणाऱ्याचे पाय धरावे लागत. पण एका बैठकीत कुणीतरी टोमणा मारला, "तुमच्या चुलीपाशी तर मराठीच चालते!" दाजी पेटले. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन सगळ्यांसमोर बोलून बसले, की आपला कारभार मिळेपर्यंत घराच्या उंबऱ्याआत मराठी बोलणार नाही. लिंग हाती घेऊन दिलेला शब्द आमच्यात फिरवत नाहीत.

अक्काही काही कमी नाही. दाजींनी कानडीत हाक मारली, तर तिनं ओ द्यायचंच सोडलं. आठवडेच्या आठवडे घरात नुसता भांड्यांचा आवाज. शेवटी एक दिवस ती दुकानात जाऊन गिऱ्हाइकासारखी उभी राहिली.

"खण दाखवा."

"या, बसा. कसला दाखवू?" दाजी मराठीत म्हणाले.

"कसला बी दाखवा. आवं, थोरलीला स्थळ आलंय, त्याचं काय करायचं?"

तेव्हापासून तो पायंडाच पडला. लेकीचं लग्न, सासूचं दुखणं, रुसवेफुगवे, सगळं खणांच्या ढिगाऱ्याआडून. पेठ हसायची, मीही हसायचो.

मग संस्थान विलीन झालं आणि पक्ष पांगला. त्याचे पुढारी नव्या सत्तेच्या पंगतीला बसले नि सभांतून खुशाल मराठी बोलू लागले. मी दुकानात जाऊन म्हणालो, "दाजी, सुटलात की!"

"कसा सुटलो? मिळालं कुठं काय?" ते म्हणाले. "पक्षानं सोडलं रं... मी लिंगाला काय सांगू?"

पुढे ते आजारी पडले, खाटेला खिळले आणि दुकान सुटलं. त्या शेवटच्या भेटीत ते सारखे दाराकडे बोट दाखवत होते. "दुकानात न्या म्हणत्यात," अक्का म्हणाली. डॉक्टरांनी हलवायला सक्त मनाई केली होती. मला राहवेना. "दाजी, मोडा ती शपथ. पाप माझ्या माथी!" त्यांनी डोळे मिटून घेतले. डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं.

अक्का खाटेच्या कडेवर टेकली आणि कानडीत बोलू लागली. अडखळत नव्हे, भरभर, भाजीवालीशी बोलावं तशी सहज. दाजी तिच्याकडे बघतच राहिले. मग दोघं दिवेलागणीपर्यंत बोलत होती. मी कोपऱ्यात बसून होतो, मला एक अक्षर कळलं नाही. दोन दिवसांनी दाजी गेले.

"काय बोलत होता गं?" मी नंतर विचारलं.

"तुला काय करायचंय?" ती म्हणाली.

परवा गेलो, तर त्या खोलीतून तिचा आवाज येत होता. कानडीत चाललं होतं. मी आत डोकावलो. खाट मोकळी होती. मला पाहून ती थांबली.

"आमचं बोलणं व्हायचंय अजून," ती म्हणाली. "जरा भाईर थांब रं."