काकूच्या गाईवर उतरलेली गिधाडं

मंडळी, घाईघाईत लिहितोय, टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

आज सकाळी अंजनेरीजवळ आमच्या गावी होतो. काकूची म्हातारी गाय पहाटे गेली. चुलतभाऊ रामदासने खड्डा खणायला जेसीबी बोलावला होता. तेवढ्यात माझं वर लक्ष गेलं. दोन गिधाडं घिरट्या घालत होती.

आमच्या लहानपणी, ऐंशीच्या आसपास, मेलेलं जनावर सरळ माळावर ओढून न्यायचे. संध्याकाळपर्यंत नुसती हाडं उरायची. वास नाही, कुत्र्यांच्या झुंडी नाहीत. पुढे गिधाडंच दिसेनाशी झाली आणि गावात हे खड्डे सुरू झाले.

मी रामदासला आधी एकच विचारलं, "गाईला दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं होतं का?" असलं औषध टोचलेली जनावरं खाऊनच तर गिधाडं मेली.

"नाय रे. डॉक्टर यायच्या आधीच गेली ती."

जेसीबी परत पाठवला. काकूने गाईला हळदकुंकू वाहिलं, मग ट्रॅक्टरने तिला माळावर नेलं. आम्ही लांब बांधाआड बसलो. बघता बघता दोनाची सात झाली, आणि एकेक करून खाली उतरली.

सकाळपासून रडणाऱ्या काकूने डोळे पुसले. पाहुण्यांना म्हणावं तसं हळूच म्हणाली, "लय वर्सांनी आले, बाबांनो. सावकाश जेवा."

तुमच्याकडे जनावर गेलं की इंजेक्शनचं कोणी विचारतं का हो?