आत्याचं गाव नकाशावर हिरवं होतं

थांबा, हे आत्ताच सांगायचं आहे. अकोल्याहून परतीच्या गाडीत बसली आहे, मूर्तिजापूरले आत्याले आत्ता उतरवून दिलं अन् अंगठ्यानं टाइप करून राहिली. एकदा अमरावतीले घरी पोचली की मी हे कोणालेच सांगणार नाई, माह्यं मले माहीत आहे.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिचं गाव खारपाणपट्ट्यात. हातपंप आहे, पाणीही येते, पण त्या पाण्याचा चहा मांडला तर दूध फाटते, एवढं खारं. आत्याची किडनी पहिलेच कमजोर. डॉक्टरनं बजावून ठेवलं होतं, पंपाचं पाणी तोंडात घालायचं नाई. हे झालं तेव्हा सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता, कपाशीची पऱ्हाटी बोटभर वाढून वाळली, गावचे नळ बंद पडले. प्यायले फक्त टँकर.

अन् कोणत्या गावात टँकर गेला, कुठं नाई गेला, हे दाखवणारा रिपोर्ट अकोल्याच्या एका ऑफिसात मी बनवत होती. कंत्राटी नोकरी, पहिलीच. तालुक्याचे ऑपरेटर एक्सेल भरायचे, एका गावाचं एक पान, रोजची एक ओळ. मी अमरावतीहून सकाळच्या गाडीनं जायची, फाइली गोळा करायची, बटण दाबायची, मंग नकाशा बदलायचा. गाडी लेट झाली की साहेबांचा फोन, "मॅडम, नकाशा कालचाच दिसून राहिला."

म्हणून मी ऑटो रिफ्रेश लावलं. दर तासाले फाइली आपोआप उचलायच्या, नकाशा आपोआप बदलायचा. टँकर पोचला ते गाव हिरवं, नाई पोचला ते लाल. कोपऱ्यात शेवटच्या अपडेटची वेळ. पहिल्या दिवशी कोणी हात न लावता ते ठिपके बदलले ना, मी बाथरूममध्ये जाऊन नाचली होती, खरंच! साहेबांनी हॉलमध्ये मोठा टीव्ही लावला. मी घरच्या ग्रुपवर आत्याच्या गावाचा हिरवा ठिपका टाकला. आत्यानं अंगठा पाठवला.

फक्त एक भानगड होती. आपल्याकडं रजिस्टर भरताना वरच्यासारखंच असलं की खाली दोन टिकल्या देतात ना? ऑपरेटर लोकं एक्सेलमधेही त्याच टिकल्या टाकायचे. काही जण तर टिकल्यांचाही कंटाळा करायचे, एक्सेलमधलं त्या दिवसाचं घर रिकामंच सोडायचे. तिथं रिपोर्ट अडकायचा. मी एक ओळ लिहून दिली: टिकल्या दिसल्या किंवा घर रिकामं दिसलं, तर वरचंच खाली ओढून घे. दोन मिनिटांचं काम. परत कधी अडकला नाई.

मंग एक दिवस दुपारी आत्याचा फोन. "काव पोरी, दोन दिवस झाले, टँकर येऊन नाई राह्यला."

मी टीव्हीकडं पाहिलं. "आत्या, आला ना! आज दोन खेपा. आत्ताच्या तासाचं अपडेट आहे."

"मंग माह्या डोळ्यात माती गेली काय?"

"तू वावरात असशील तेव्हा येऊन गेला असन."

"काय आहे वावरात आता, तिथं जाऊन काय करू? अन् टँकर येते अन् अख्ख्या गावाले दिसत नाई, तुले अकोल्यात बसून दिसते?"

मी हसली. हसली मी. म्हटलं, थांब, परत पाहते. पाहिलं. हिरवंच.

दुसऱ्या दिवशी परत फोन, तिसऱ्या दिवशी परत. प्रत्येक वेळी मी स्क्रीन पाहून तिले सांगितलं की टँकर आला. एकदा तर जरा चिडूनच म्हटलं, "आत्या, हे मी नाई म्हणून राहिली, सिस्टिम म्हणून राहिली." त्याच्यानंतर तिनं फोन करणं सोडलं. मले वाटलं, चला, टँकर दिसला असन.

तीन दिवसांनी आत्याच्या पोराचा फोन आला. आईले अकोल्याले दवाखान्यात आणलं, अंग सुजलं, लघवी बंद. मी विचारलं, पंपाचं पाणी पेली काय? तो म्हणाला, "मंग काय पेईन, ताई? तुह्या नकाशातलं?"

दवाखान्यातून मी ऑफिसात आली अन् पहिल्यांदा मूळ फाइल उघडली. आत्याच्या गावाचं पान. सहा दिवस रिकामे. तालुक्याच्या ऑपरेटरले फोन लावला. वयानं मोठे, सगळे त्यांना चाचा म्हणायचे, आधी आयुष्यभर रजिस्टर भरलेला माणूस.

"चाचा, हे घर रिकामं काहून सोडलं?"

"बेटा, पानी नहीं आया तो क्या लिखूं? आलं असतं तर लिहिलं असतं ना मी. झूठ कायले लिहू?"

"वरच्यासारखंच असलं तरी तुमी रिकामं सोडता ना?"

"नाई बाप्पा. त्याले मी टिकल्या देतो."

चाचांनी खरं तेच भरलं होतं. माह्या त्या एका ओळीनं त्यांच्या रिकाम्या घरात दर तासाले जुना टँकर आणून उभा केला होता, ताज्या वेळेसकट. मी ती ओळ खोडली अन् रिफ्रेश केलं. आत्याचं गाव लाल झालं. आजूबाजूची अजून चार गावंही लाल झाली. तिथं कोण काय पेलं, मले अजूनही माहीत नाई. विचारायची हिंमत झाली नाई.

साहेब टीव्हीसमोर येऊन म्हणाले, "काल तर सगळं ठीक होतं, आज अचानक लाल काहून?" मी सांगितलं, चूक माही होती. ते म्हणाले, "बरं, सुधरवलं ना मंग." अन् जेवायले गेले. टँकर दुसऱ्या दिवशी सुरू झाला.

आत्याची किडनी काही सुरू झाली नाई. आता आठवड्यातून दोनदा अकोल्याले डायलिसिस. त्यातल्या एका दिवशी मी सुट्टी टाकून तिच्याजवळ बसते. ती मले कधी रागावली नाई, एक शब्दही नाई. रागावली असती तर बरं झालं असतं.

आज मूर्तिजापूरले उतरताना मी तिची पिशवी धरली अन् विचारलं, "आत्या, बरं वाटून राह्यलं ना?" तर माह्या मोबाइलकडं हात दाखवून म्हणते, "त्याच्यात पाह्य ना. मी हिरवी आहो का लाल?" अन् हसली. पोरगा मोटरसायकल घेऊन उभा होता. ती बसली, अन् एकदाही मागं न पाहता गेली.

बडनेरा आलं आता. तुमच्यासोबत झालं काय असं कधी? आपलं माणूस फोनवर सांगून राह्यलं, अन् तुमी म्हटलं, थांब, पाहून सांगते? झालं असन तर सांगा मले. अन् त्या माणसाले नंतर तुमी काय म्हटलं, तेही सांगा.