तानाबाईनं केलेली सशांची बाळंतपणं

"पोर थंडीनं न्हाय गेलं, हिच्या हातानं गेलं! मढ्यासारखं गार हात हायत तुझ्या लेकीचं!"

"आन तुमच्या घराला दार तरी हाय का? गोणपाट लावलंय! पौषाच्या म्हैन्यात बाळंतीण गोणपाटामागं निजवली, आन वर माझ्या लेकीच्या हातावर खापर फोडताय?"

कुडाच्या भिंतीपलीकडं बाजेवर तानाबाई पडली होती, आणि अलीकडं तिची सासू शालूबाई आणि तानाबाईची आई एकमेकींच्या अंगावर जात होत्या. मधे नुसता शेणानं लिंपलेला कूड. शब्दन् शब्द तिच्या कानात जात होता. पोराला पुरून आल्याला अजून सूर्य मावळला नव्हता. भांडून दमल्यावर दोघी विहिणींनी गुळाचा चहा केला, फुर्र करून पिला, आणि बाजेवरच्या बाईला द्यायचं दोघींच्याही ध्यानात राहिलं नाही.

शालूबाई वाडीतल्या बाळंतिणींचं न्हाऊमाखू करणारी. मलकापूरच्या पुढं घाटाच्या अंगाला ही वाडी, तिथं थंडी पडते ती भाताच्या कापणीपासनं शिमग्यापर्यंत हलत नाही. सुनेच्या हातांवरचा ठपका उतरवायचा म्हणून असेल, नाहीतर पाण्याचा हंडा उचलायला माणूस पाहिजे म्हणून असेल, पुढच्या बाळंतपणाला तिनं तानाबाईला बरोबर नेली. "हात तापल्याबिगर पोराला लावायचा न्हाय," एवढंच शिकवलं. तानाबाईनं शेगडीवर हात धरले ते कातडी चरचरेपर्यंत धरले. पुढं शालूबाई गेली आणि सगळी वाडी तानाबाईच्या पायांवरनं गेली. पाय लांब करून पाटावर बसायचं, नडग्यांवर पोर पालथं घालायचं, "चांगभलं" म्हणून पहिला तांब्या ओतायचा. मग तेल, डाळीचं पीठ, ओव्याची आणि लसणीच्या सालीची धुरी, कपाळाला तीट. गावच्या सरपंचाचं भाषण रंगात आलं की ही मागनं म्हणायची, "लय बोलू नगंस, माझ्या पायावर मुतलायस तू."

मग दिवस पालटले. सुना बाळंतपणाला कोल्हापूरला जायला लागल्या. परत येताना डॉक्टरांच्या बोलण्याचं गाठोडं घेऊन यायच्या. नाळ पडेस्तोवर पाणी लावू नका, कानात तेल घालू नका, धुरी तर अजिबात नको. तानाबाई म्हणायची, "मग पोराला काय नुस्तं बघत बसायचं?" त्या म्हणायच्या, "व्हय मावशी, नुस्तं बघायचं." बोलावणी बंद झाली. तांब्याचा हंडा माळ्यावर गेला.

मालक वारले, म्हैस विकली, एकुलता लेक सम्राट वारणानगरला दूध संघात लागला. त्याला तिथं एक खोली मिळाली. सुट्टीच्या दिवशी यायचा, संध्याकाळी परत जायचा. सून संयोगिता वाडीतच सासूपाशी. लग्नाला बरीच वर्षं झाली, पण पाळणा हलला नव्हता. दोघी बायका समोरासमोर जेवायच्या आणि तेवढं सोडून सगळ्यावर बोलायच्या.

संयोगिताला रिकामं बसवायचं नाही. तिनं मोबाईलवर बघून ससे आणले. म्हशीच्या मोकळ्या गोठ्यात जाळीचे पिंजरे लावले, चार माद्या आणि एक नर. तानाबाईनं तोंडातली मिशरी थुंकून विचारलं, "ह्येंचं दूध निघतंय का?"

"न्हाय आत्ती."

"मग शेण?"

"लेंड्या पडत्यात."

"वा! लेंड्यांसाठी राखण," म्हणाली, पण दुसऱ्या दिवशी बांधावरचा पाथरीचा पाला खुडून पदरात घेऊन तीच गोठ्यात गेली.

यंदाची थंडी वाईट पडली. पहाटे टाकीतल्या पाण्यात हात घातला तर पाणी चावायचं. अशात पहिली मादी व्याली ती उघड्या जाळीवरच. सकाळी बघितलं तर बोटाएवढी गुलाबी पिल्लं जाळीला चिकटून ताठ झालेली. संयोगितानं ती फावड्यानं गोळा केली. उकिरड्याकडनं परत आली, दारातच बसली.

"आत्ती, आजून एक-दोन वेतं बघते. न्हाय जगली तर सगळं इकून मी आपली जाते वारणेला ह्यांच्याकडं. हितं बसून तरी कुणाचं काय करायचंय मला?"

तानाबाईला ते 'कुणाचं' नीट लागलं. सून गेली की घरात उरणार ती, चूल आणि वरचा हंडा. म्हणून सशाची पिल्लं जगली पाहिजेत. संयोगिताला धंद्यासाठी पाहिजे होती, तानाबाईला समोरचं ताट रिकामं राहू नये म्हणून.

दुसरी मादी व्याली त्या सकाळी संयोगिता मलकापूरला खाद्य आणायला गेली होती. या खेपेला तिनं आधीच लाकडाची पेटी करून, गवत घालून पिंजऱ्यात ठेवली होती, आणि मादीही शहाण्यासारखी पेटीतच व्याली होती. तानाबाईनं पेटीत डोकावलं. उघडीनागडी, डोळे मिटलेली, कातडी इतकी पातळ की आतली शीर दिसावी. तिला वाटलं, अरे, हे तर आपलंच काम! उगं इतके दिवस परक्यासारखं लांब उभी राहिले.

माळ्यावरचा हंडा खाली आला. चूल भडकली. हात तापवून झाले. पाटावर पाय लांब करून बसली, पण पिल्लू नडगीवर ठरेना, म्हणून तळहातावर घेतलं. "चांगभलं" म्हणून पळीनं कोमट पाणी सोडलं, तेल जिरवलं, पीठ लावलं, मऊ जुन्या लुगड्याच्या चिंधीनं टिपलं. ओव्याची धुरी दिली. पिल्लं अशी लाल, तुकतुकीत दिसायला लागली की दृष्ट लागेल. म्हणून चुलीच्या काजळीत करंगळी बुडवून एकेकाला तीट लावली आणि परत पेटीत नेऊन ठेवली.

मादीनं पेटीत तोंड घातलं, शिंकली, मागचा पाय दाणकन आपटला आणि पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली ती बसलीच. तिच्या पोरांना आता ओव्याचा वास होता, तेलाचा होता, तानाबाईचा होता. तिचा तेवढा नव्हता. गोठ्यात वारा खेळता होता. अंगात मुरलेलं तेलपाणी गार पडत गेलं. तानाबाईनं एकदा चिंधी पांघरली, दोनदा पांघरली. तिसऱ्यांदा पांघरायची गरज उरली नाही.

संयोगिता आली, खाद्याचं पोतं तिनं टेकवलं आणि पेटीत हात घातला.

"आत्ती, ह्येंच्या कपाळाला काय लागलंय?"

"तीट."

संयोगिताला आधी हसूच फुटलं. हसता हसता ती कधी रडायला लागली हे दोघींनाही कळलं नाही. मग एकदम ओरडली, "ससं हायत ती! नातवंडं न्हाईत तुमची!"

बोलून गेली आणि पदर तोंडात धरला. तानाबाई पाटावरनं उठली, हंडा उचलला, पाणी केळीच्या बुडात ओतलं. त्या सांजेला दोघींनी भाकरीबरोबर काय खाल्लं ते एकीलाही सांगता आलं नसतं.

वाडीत बातमी जायला वेळ लागतो का! पाण्याला गेली की बायका विचारायच्या, "तानाबाई, सशाची पाचवी कवा पुजताय?" तीही म्हणायची, "तुज्या दाल्ल्याची पुजली तवाच उरकली की गं." पण घरी येऊन गोठ्याच्या पायरीवर बसायची आणि हात मांडीखाली घेऊन ठेवायची.

तिसऱ्या मादीचे दिवस भरत आले तशी संयोगितानं बजावलं, "आत्ती, ह्या खेपेला हात लावायचा न्हाय. शपथ हाय."

"न्हाय लावत."

ती नुसती बघत बसली. त्या मादीनं व्यायच्या आदल्या दिवशी तोंडानं पोटाची लव उपसली, मूठमूठ उपसली, कातडी दिसायला लागेपर्यंत, आणि पेटीत तिचं घरटं केलं. व्याली. पिल्लांवर तीच लव पसरली आणि बाहेर येऊन, यांचा नि माझा काय संबंध, अशी पाला खात बसली. भल्या सकाळी एकदाच पेटीत उडी मारायची, घटकाभर पाजायची, लव सारखी करायची, की बाहेर. दिवसभर ढुंकून बघायची नाही. तानाबाईला आधी राग आला. ही कसली आई! पण पिल्लांची पोटं नगाऱ्यासारखी टम्म. जन्मभर तिनं बाळंतिणींना दटावलं होतं, "तुला काय कळतंय? गप पड, मला बघू दे." इथं ही एवढीशी बाळंतीण तिला तेच सांगत होती, आणि पिल्लं हिचीच जगत होती.

एका सकाळी आचळाला धरून लोंबत बाहेर आलेलं एक पिल्लू जाळीवर पडलं. संयोगिताला सापडलं तेव्हा गार गोटा. "गेलं. टाका उकिरड्यावर," म्हणाली.

"शपथ सोड."

"काय?"

"शपथ सोड म्हंते. जित्याला हात लावायचा न्हाय म्हणालीयस. मेल्याला लावू दे."

तानाबाईनं पिल्लू चोळीत, कातडीला लावून ठेवलं आणि उन्हाला पाठ करून तांदूळ निवडायला बसली. तेल नाही, पाणी नाही, धुरी नाही. ऊन चढलं तसं चोळीत काहीतरी वळवळलं. ती तांदळातले खडे काढतच राहिली, पण डोळ्यांतनं पाणी सुपात पडायला लागलं.

त्या दिवसापासनं पेटी तिच्याकडं आली. सांज झाली की पेटी उचलून चुलीच्या खोलीत आणायची, चुलीला चिकटून नाही, ऊब लागेल एवढ्यावर. झुंजुरकाला परत मादीपाशी न्यायची, पाजणं होईपर्यंत थांबायचं. हाताला वास नको म्हणून आधी मूठभर गवतात हात घोळायचे. डोक्याला तेल बंद. आणि लग्नाआधीपासनंची मिशरी, जी नवऱ्यानं सांगून सुटली नव्हती, दात पडून सुटली नव्हती, ती बोटांना वास राहतो म्हणून सशांसाठी सुटली. संयोगिता म्हणाली, "आत्ती, तुमास्नी ह्येंनी सुदारलं." दोघी हसल्या. लव थोडी कमी पडते म्हणून संयोगितानं दुसऱ्या माद्यांच्या पिंजऱ्यातली झडलेली लव गोळा करून आणायची, तानाबाईनं ती पिंजून पसरायची. थंडी तशीच होती, वाईट. पण त्या घरात बऱ्याच वर्षांनी दोघी बायका एकाच कामाला लागल्या होत्या.

पिल्लांना केस आले, डोळे उघडले. एक दिवस पेटीतनं बाहेर उडी मारून ती चुलीपुढं कुटूकुटू पळाली आणि एक तर तानाबाईच्या लुगड्यात शिरलं.

सुट्टीच्या दिवशी सम्राट आला. पिल्लं हातात घेऊन बघितली. "आई, ह्या खेपेला एकबी मेलं न्हाय? झकास की!" मग जेवता जेवता बायकोला म्हणाला, "आगं, मग हितं कशाला ठेवतीस? आमच्या खोलीमागं पत्र्याचं शेड रिकामं हाय. थंडी हितल्यासारखी न्हाय तिकडं. घेऊन चल सगळं. माझंबी जेवणाचं हाल थांबत्यात."

संयोगितानं सासूकडं बघितलं. तानाबाई आमटी वाढत होती, ती वाढतच राहिली. वाटी भरून ताटात सांडली.

"आई, तूबी चल की," सम्राट म्हणाला. पण त्या एका खोलीत तिसरी वाकळ कुठं पसरायची, हे त्याच्या तोंडावर लिहिलं होतं.

"मी न्हाय बा. माजं काय हाय तितं?"

संयोगिता जाताना पाया पडली. तानाबाई तिला काय म्हणणार? पिल्लं मेली तर जाते, असं ती बोलली होती. जगली तर राहते, असं कुठं बोलली होती? टेम्पोत पिंजरे चढले, वर ताडपत्री बांधली. तानाबाईनं वारा लागू नये म्हणून ताडपत्रीचं टोक परत एकदा खोचलं.

मग ती पाला धाडायला लागली. वारणेकडं पाथरी मिळत नाही, असं तिनंच ठरवलं. बाजारादिवशी पहाटे बांधावरनं पाला खुडायचा, साखरेच्या पोत्यात भरायचा, मलकापूरच्या स्टँडवर वारणेच्या गाडीच्या कंडक्टरकडं द्यायचा. पुढं सम्राट उतरून घ्यायचा. पुढच्या बाजाराला रिकामं पोतं परत. फोनवर संयोगिता म्हणायची, "आत्ती, लय दांडगी झाल्यात. पाला कसा हाणत्यात!"

खरं म्हणजे शिमग्यापर्यंतसुद्धा ससे राहिले नव्हते. शेजाऱ्यांनी वासाची तक्रार केली, आणि सम्राटनं एका ढाबेवाल्याला सगळे देऊन टाकले, माद्यांसकट. पाला शेजारणीची शेळी खायची. म्हातारीला वाईट वाटंल म्हणून कुणी सांगितलं नाही.

एकदा परत आलेलं पोतं तानाबाईनं झटकायला उलटं केलं आणि नाकाशी नेलं. शेळीचा वास आणि सशाचा वास यांतला फरक जिला कळत नाही ती मलकापूरच्या मुलखात जन्मली नसेल. पोत्याच्या शिवणीत एक राठ काळा केसही होता. तो तिनं चिमटीत धरून उपसला. मग पोतं धुतलं आणि दोरीवर वाळत घातलं.

शेजारीण म्हणाली, "सशांचं कसं काय, तानाबाई?"

"बरं हाय की. खात्यात."

फोनवर तिनं कधी विषय काढला नाही. काढला असता तर पाला थांबला असता, आणि पाल्याच्या निमित्तानं सुनेचा फोन येत होता तोही थांबला असता.

पावसाळा गेला, भात कापून झालं, परत थंडी पडली. मार्गशीर्षातला तो बाजार. त्याच्या पुढच्या बाजाराला ती नव्हती, झोपेतच गेली. पण त्या दिवशी कुणाला तसं काही दिसलं नाही. नेहमीसारखी डोक्यावर पोतं घेऊन स्टँडवर आली, वारणेच्या गाडीपाशी उभी राहिली, पोतं कंडक्टरच्या हातात दिलं.

"म्हातारे, तुझ्या सशांनी माझी अर्धी गाडी खाल्ली की गं," कंडक्टर म्हणाला.

"खाऊ द्या पावणं. वर ठेवा, दाबू नगा, पाला कोमेजतोय. आन रिकामं पोतं तेवढं परत आणा."

गाडी हलली. तिनं पदर कानांवरनं घट्ट घेतला आणि चालत वाडीच्या रस्त्याला लागली.